ऐरावताच्या पोटात रणगाडे नव्हे, धान्य!

१ डिसेंबर २०१५. चेन्नईजवळच्या तांबरममध्ये चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला. चेंबरमबाक्कम तलावातून सोडलेलं पाणी अड्यार नदीत मावेना. घरांचे तळमजले बुडाले. धावपट्टीवर पाणी शिरून विमानतळ बंद पडला. १८७८ पासून निघणारं ‘द हिंदू’ हे दैनिक दुसऱ्या दिवशी छापताच आलं नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचूच शकले नाहीत!

मदतीची विमानं अरक्कोणमच्या ‘राजाळी’ या नौदलाच्या तळावर उतरू लागली. पण हा तळ शहरापासून सुमारे ७० किलोमीटर दूर. चेन्नईला आणखी एक दार होतं... समुद्राचं. त्याच दारातून ‘आयएनएस ऐरावत’ आलं. बरोबर होते पाणबुडे, रबरी बोटी आणि मदतीचं सामान.

गंमत म्हणजे हे जहाज बांधलंय ते शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरवण्यासाठी! कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत तयार झालेलं ‘ऐरावत’ १९ मे २००९ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालं. लांबी सुमारे १२५ मीटर. पोटात १० रणगाडे, ११ ट्रक आणि ५०० सैनिक मावतात. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात नाक वाळूला टेकवायचं, पुढचे दरवाजे उघडायचे आणि फळीवरून गाड्या थेट जमिनीवर उतरवायच्या, अशी ही रचना. आता विचार करा, ज्या पोटात रणगाडे मावतात तिथं धान्याची पोती, औषधं आणि बोटी किती मावतील? वर हेलिकॉप्टरलाही जागा आहेच.

जहाजाच्या वाट्याला कटू प्रसंगही आले. जुलै २०११ मध्ये व्हिएतनामजवळच्या समुद्रात रेडिओवर कुणीतरी स्वतःला चिनी नौदल म्हणवत ‘तुम्ही चिनी हद्दीत शिरताय’ असा इशारा दिला. समोर ना जहाज, ना विमान! ‘ऐरावत’ आपल्या मार्गानं पुढे गेलं. जानेवारी २०१४ मध्ये तर विशाखापट्टणमजवळ ते वाळूत रुतलं. किनाऱ्याला टेकण्यासाठीच बांधलेलं जहाज, पण ठरवून टेकणं वेगळं आणि नकळत रुतणं वेगळं. त्याचे पंखे दुखावले आणि कप्तानाला जबाबदारीवरून दूर व्हावं लागलं.

पुढच्याच वर्षी चेन्नईची हाक आली. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ऐरावत’नं सुदानला १०० टन धान्य पोहोचवलं. मे २०२१ आठवतो ना? ऑक्सिजनसाठी घराघरांतून फोनाफोनी चालली होती. तेव्हा सिंगापूरहून ऑक्सिजनच्या ८ मोठ्या टाक्या आणि साडेतीन हजारांहून अधिक सिलिंडर घेऊन हेच जहाज विशाखापट्टणमला परतलं. जुलैत त्यानं जकार्ताला १०० टन द्रवरूप ऑक्सिजन नेला, तर ऑगस्टअखेर हो ची मिन्ह शहराला. ज्या व्हिएतनामच्या समुद्रात दहा वर्षांपूर्वी त्याला हटकलं गेलं, तिथंच ते आता रुग्णांसाठी श्वास घेऊन गेलं होतं.

रणगाडे घेऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरण्याची वेळ मात्र ‘ऐरावत’वर आलेली नाही. ती कधीच न येवो!