अखेरच्या दिवसाची शान

दुकान उघडण्याचा मुहूर्त घरातील सर्वांच्या स्मरणात राहतो. वहीच्या पहिल्या पानावर कोणी कुंकू लावले, पहिले गिऱ्हाईक कोण आले, पहिली विक्री किती झाली, हे नातवंडांनाही सांगितले जाते. दुकान बंद करण्याचा दिवस मात्र सहसा कोणी आठवणीत जपत नाही. त्या दिवशी माल मिळेल त्या भावाने निघतो, नोकरमाणसांचे लक्ष उडालेले असते आणि मालकालाही केव्हा एकदा कुलूप लागते असे झालेले असते. वास्तविक घराण्याची खरी पारख त्याच दिवशी होते. नफ्याची आशा संपल्यावरही तराजू तितकाच काटेकोर राहतो की नाही, हे त्या दिवशी कळते.

मोटार शर्यतींच्या जगात असा एक दिवस १९ नोव्हेंबर २०१६ रोजी उजाडला. स्थळ होते बहरीनमधील साखीर येथील वाळवंट. जागतिक सहनशक्ती अजिंक्यपद मालिकेच्या त्या वर्षातील नवव्या आणि शेवटच्या शर्यतीत ऑडी ही जर्मन कंपनी अखेरची उतरत होती. या प्रकाराच्या चाहत्यांच्या मनात त्या सहा तासांचे स्थान आजही वेगळे आहे.

वेगाहून हिशेब मोठा

मोटार शर्यत म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दीड-दोन तासांत संपणारी, एकाच चालकाची धावपळ येते. सहनशक्तीच्या शर्यतीचा स्वभाव याहून निराळा आहे. येथे एक गाडी सहा तास धावते. फ्रान्समधील ल माँ येथे तर सलग चोवीस तास. अग्रवर्गातील गाडी सहसा तीन चालक आळीपाळीने चालवतात. चालक उतरतो, दुसरा बसतो, इंधन भरले जाते, टायर बदलले जातात आणि गाडी पुन्हा मार्गावर जाते. त्याच मार्गावर कमी वेगाच्या वर्गांतील गाड्याही आपापली शर्यत धावत असतात. त्यांना न स्पर्शता, न अडवता पुढे जाणे ही स्वतंत्र कला आहे.

या शर्यतीत उधळपट्टीला थारा नाही. २०१६च्या नियमांनुसार अग्रवर्गातील प्रत्येक गाडीला दर फेरीसाठी इंधनाची ठरावीक मर्यादा होती. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरण्याची यंत्रणा गाडीत असे. त्या ऊर्जेलाही मर्यादा. म्हणजे खर्चाचा आकडा आधी ठरलेला, आणि त्यात जास्तीत जास्त अंतर कापायचे. जो चालक एका वळणावर अधिक खर्च करतो, त्याला तो पुढच्या वळणावर भरून काढावा लागतो. मोठ्या झेपेपेक्षा रोजच्या बारीक काटकसरीवर ज्यांचा विश्वास आहे, अशांना हा खेळ लवकर उमगतो.

एका कुटुंबाच्या दोन पेढ्या

ऑडीने १९९९ साली ल माँच्या शर्यतीत पाऊल ठेवले आणि २००० ते २०१४ या काळात ती तेरा वेळा जिंकली. हे विजय केवळ संख्येने मोठे नव्हते. २००६ साली डिझेलवर चालणाऱ्या गाडीने ल माँ जिंकण्याची घटना प्रथमच घडली, ती गाडी ऑडीची होती. २०१२ साली विजेची जोड असलेल्या संकरित गाडीने हीच शर्यत प्रथम जिंकली, तीही ऑडीचीच. या सर्व काळात कंपनीच्या शर्यत विभागाचे प्रमुख होते वोल्फगांग उलरिख. ते १९९३ पासून त्या पदावर होते.

२०१४ साली या मैदानात पोर्शे परतली. ऑडी आणि पोर्शे या दोन्ही कंपन्या फोक्सवागन याच समूहाच्या. एकाच कुटुंबाच्या दोन पेढ्या समोरासमोर थाटाव्यात आणि दोन्हींनी एकमेकांच्या वरताण खर्च करावा, असा तो प्रकार होता. चाहत्यांना त्यातून अप्रतिम शर्यती पाहायला मिळाल्या; पण असा व्यवहार फार काळ चालत नाही, हे कोणत्याही जाणत्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवागन समूहाच्या डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतील फसवणूक उघड झाली. समूहाला जबर आर्थिक झळ बसली आणि ज्या डिझेल इंजिनाच्या जोरावर ऑडीने ल माँ गाजवले होते, त्या इंजिनाचे नाव घेणेही अवघड झाले. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी ऑडीने जाहीर केले की वर्षअखेरीस ती सहनशक्तीच्या शर्यतींतून बाहेर पडेल आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेकडे वळेल. भारतात तो दिवाळीचा आठवडा होता. व्यापारी घरांत नव्या वह्यांची तयारी चालली होती. त्याच दिवसांत जर्मनीत एक अठरा वर्षांची जुनी वही मिटण्याचे ठरले.

या घोषणेनंतर दोन शर्यती उरल्या होत्या, शांघाय आणि बहरीन. शांघायची शर्यत पोर्शेने जिंकली आणि उत्पादकांचे अजिंक्यपदही निश्चित केले. बहरीनपुरते बोलायचे तर ऑडीच्या दोन्ही गाड्यांपैकी कोणाच्याही चालकांना अजिंक्यपदाची आशा उरली नव्हती. गुण नाहीत, पुढचे वर्ष नाही, ज्या गाडीत सुधारणा करायची ती गाडीच पुन्हा धावणार नाही. अशा वेळी माणसे कामावर कशासाठी येतात?

जूनची पुंजी

त्याच दिवशी दुसरा एक हिशेब पूर्ण व्हायचा होता. चालकांच्या अजिंक्यपदासाठी पोर्शेची दोन क्रमांकाची गाडी आघाडीवर होती. तिचे चालक रोमाँ द्युमा, नील यानी आणि मार्क लीब यांच्याजवळ १५२ गुण होते. टोयोटाच्या सहा क्रमांकाच्या गाडीचे चालक स्टेफान साराझाँ, माइक कॉनवे आणि कामुई कोबायाशी १७ गुणांनी मागे होते.

ही आघाडी कशी जमली, हे पाहण्यासारखे आहे. वर्षाच्या पहिल्या शर्यतीत, सिल्व्हरस्टोनला, ऑडीची सात क्रमांकाची गाडी प्रथम आली. परंतु तपासणीत तिच्या तळाची पट्टी नियमापेक्षा जास्त झिजलेली आढळली आणि ती बाद झाली. विजय पोर्शेच्या दोन क्रमांकाला मिळाला. पुढे जूनमध्ये ल माँला टोयोटाची पाच क्रमांकाची गाडी जिंकण्याच्या उंबरठ्यावर होती. चोवीस तास संपायला अवघी काही मिनिटे उरली असताना तिची शक्ती गेली आणि काझुकी नाकाजिमाला ती प्रारंभरेषेजवळच थांबवावी लागली. टर्बोचार्जरकडून येणाऱ्या हवेच्या नळीतील जोड निकामी झाल्याचे पुढे निष्पन्न झाले. मागून येणारी पोर्शेची दोन क्रमांकाची गाडी पुढे गेली आणि जिंकली. ल माँला गुण दुप्पट असतात. एका विजयाचे पन्नास.

पहिल्या तीन शर्यतींत या त्रिकुटाने ९४ गुण जमवले. त्यानंतरच्या सहा शर्यतींत त्यांना एकदाही पहिल्या तिघांत स्थान मिळाले नाही. चौथे, पाचवे, फार तर सहावे. ल माँनंतरच्या सहांपैकी चार शर्यती त्यांच्याच कंपनीच्या एक क्रमांकाच्या गाडीने जिंकल्या. दोन क्रमांकाच्या गाडीने मात्र एकही शर्यत अर्ध्यावर सोडली नाही. दर वेळी दहा-बारा गुण वहीत पडत राहिले. तेजीतील कमाई मंदीत कशी राखावी, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागेल. काही चाहत्यांना हे अजिंक्यपद नशिबाचे वाटले. सुरुवातीच्या कमाईत नशिबाचा वाटा होता, हे खरे. पण मिळालेले पाच महिने टिकवून धरणे हे नशिबाचे काम नव्हते.

वाळवंटातील सहा तास

व्यापारी घराण्यांना बहरीनचे नाव मोटारींमुळे नव्हे, मोत्यांमुळे जुने परिचित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आखातातील मोती मुंबईच्या बाजारात येत आणि येथूनच पुढे युरोपला जात. साखीरचा ५.४१२ किलोमीटरचा मार्ग मात्र २००४ सालचा. ही शर्यत उन्हात सुरू होते आणि प्रखर दिव्यांच्या प्रकाशात संपते. सूर्य मावळताच डांबराचे तापमान उतरते, टायरांची पकड बदलते आणि दुपारी बसवलेले गणित संध्याकाळी पुन्हा मांडावे लागते. भारतातील घड्याळ तेथील घड्याळाच्या अडीच तास पुढे. त्यामुळे शेवटच्या फेऱ्या पाहणाऱ्या येथील चाहत्यांना जागरण चुकत नाही.

ऑडीच्या आठ क्रमांकाच्या गाडीने आदल्या दिवसाच्या चाचणीत सर्वांत कमी वेळ नोंदवून पहिल्या जागेवरून प्रारंभ केला. लुकास दि ग्रासी, लोइक दुव्हाल आणि ऑलिव्हर जार्व्हिस यांनी ती चालवली. त्या वर्षी ऑडीला स्पा येथील एकच विजय मिळाला होता. इतरत्र वेग असूनही कधी यंत्राने, कधी दैवाने साथ सोडली होती. या शेवटच्या दिवशी मात्र काहीच बिघडले नाही. थांब्यावर येणारी प्रत्येक फेरी ठरल्याप्रमाणे झाली, टायर वेळेवर बदलले गेले, इंधनाचा अंदाज चुकला नाही. ज्या कामगारांना उद्यापासून या गाडीला हात लावायचा नव्हता, त्यांनी तिची चाके त्या रात्री नेहमीच्याच दक्षतेने बसवली.

पोर्शेच्या दोन क्रमांकाच्या गाडीची सुरुवातीच्या टप्प्यात मंद वर्गातील एका गाडीशी टक्कर झाली आणि ती मागे पडली. क्षणभर अजिंक्यपद डळमळते की काय असे वाटले. पण टोयोटाची सहा क्रमांकाची गाडी पाचव्या स्थानापुढे सरकू शकली नाही. पोर्शे सहावी आली आणि एकूण १६० गुणांवर विजेतेपद तिच्या चालकांकडे गेले. वर्षभराचा सन्मान मिळवणारी गाडी त्या रात्री सहावी होती. आणि जिला वर्षाच्या सन्मानाची आशाच नव्हती ती पहिली.

ऑडीची सात क्रमांकाची गाडी दुसरी आली. तिसऱ्या स्थानावर पोर्शेची एक क्रमांकाची गाडी होती. तिच्या चालकांपैकी ऑस्ट्रेलियाचा मार्क वेबर त्या रात्री आपल्या कारकिर्दीतील शेवटची शर्यत धावला. विजयमंचावर उभ्या असलेल्यांपैकी बहुतेक जण कशाचा ना कशाचा निरोप घेत होते.

एका भारतीयाच्या दुखापतीची गोष्ट

दुसऱ्या आलेल्या गाडीच्या तीन चालकांत आंद्रे लोटरर होता. त्याच्या कथेत भारताचा एक धागा आहे. २००९ साली एका खासगी संघाने ऑडीच्या गाडीसाठी तीन चालक निवडले होते. त्यात लोटररबरोबर भारताचा नरेन कार्तिकेयन होता. शर्यतीपूर्वी थांब्याच्या भिंतीवरून उतरताना कार्तिकेयनचा खांदा निखळला आणि त्याला बसून राहावे लागले. उरलेल्या दोघांनी चोवीस तासांचे ओझे वाटून घेतले आणि गाडी सातवी आणली. ही कामगिरी ऑडीच्या नजरेत भरली. पुढच्याच वर्षी लोटररला कंपनीच्या मुख्य संघात जागा मिळाली आणि त्याने मार्सेल फेसलर व बेन्वा त्रेलुये यांच्यासह २०११, २०१२ आणि २०१४ साली ल माँ जिंकले. एकाच्या दुर्दैवाने दुसऱ्यावर पडलेला भार हीच त्याची संधी ठरली. पण तो भार त्याने दिवस-रात्र वाहिला, हेही तितकेच महत्त्वाचे.

मिटलेली वही, उरलेले कसब

त्यानंतर काय झाले? उलरिख त्या वर्षाअखेर पदावरून निवृत्त झाले. लोटरर पुढच्या वर्षी पोर्शेकडे गेला. दि ग्रासी पुढील उन्हाळ्यात फॉर्म्युला ईचा विजेता झाला. ऑडीच्या गाड्या इतकी वर्षे सांभाळणाऱ्या योएस्ट संघाने पुढे अमेरिकेत माझदाच्या गाड्यांचे काम घेतले. पोर्शेनेही २०१७ संपताच ही मालिका सोडली. दोन पेढ्यांपैकी दुसरीलाही तो खर्च पेलला नाही. कंपन्यांचे निर्णय ताळेबंदावर ठरतात आणि ते तसेच ठरले पाहिजेत. माणसांच्या हातातील कसब मात्र एका कंपनीच्या फलकाबरोबर उतरत नाही. ते नव्या ठिकाणी कामाला लागते.

ज्या चाहत्यांनी तो शेवट पाहिला, त्यांना गुणतक्त्यातील आकडे आज कदाचित आठवणार नाहीत. आठवते ते दिव्यांच्या उजेडात मागेपुढे रेषा ओलांडणाऱ्या ऑडीच्या दोन गाड्यांचे दृश्य, आणि थांब्याच्या भिंतीवर चढून त्यांना हात दाखवणारी माणसे. त्यांच्यापैकी अनेकांना सोमवारी काय करायचे हे ठाऊक नव्हते. शनिवारी काय करायचे हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.