वृद्ध मांजराची शुश्रूषा आणि गोठ्यातील औषधाची बाटली

शेतघरातील मांजर दहा-अकरा वर्षांचे झाले की वार्धक्यात प्रवेश करते. कोठीतील उंदीर त्याच्या हाती लागेनासे होतात, पोत्यांच्या थप्पीवर उडी घेण्यापूर्वी ते क्षणभर थबकते, आणि एरवी तासन्‌तास अंग चाटणारे हे जनावर पाठीचा मागील भाग तसाच सोडून देऊ लागते. घरच्या मंडळींच्या लक्षात बहुधा यांपैकी काहीच येत नाही. लक्षात येतात त्या पिसवा. मग गोठ्यातील गोचीडनाशकाची बाटली काढली जाते आणि गाईला लावून उरलेले द्रावण मांजराच्या अंगावर चोळले जाते. काही तासांत मांजराला कंप सुटतो, तोंडातून लाळ गळते, झटके येऊ लागतात. मांजर म्हातारपणाने गेले असे घर समजते. प्रत्यक्षात ते औषधाने गेलेले असते.

चाटणे का थांबते

मांजराच्या जिभेवर आकड्यांसारखे मागे वळलेले काटे असतात. त्यांनी ते केस विंचरते आणि अंगावरील पिसवांचा मोठा हिस्सा स्वतःच काढून गिळते. वृद्ध मांजराच्या अंगावर पिसवा वाढणे हे म्हणूनच मूळ दुखण्याचे नव्हे, तर चाटणे थांबल्याचे लक्षण होय. सांधे दुखत असल्यास मांजराची मान पाठीपर्यंत वळत नाही. दात किंवा हिरड्या दुखत असल्यास जीभ फिरविणेही नकोसे होते.

याहून खोल कारण अनेकदा मूत्रपिंडात असते. वृद्ध मांजरांत मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार फार आढळतो आणि तो अत्यंत गुपचूप वाढतो. सुमारे दोन-तृतीयांश कार्यक्षमता नष्ट झाल्यावरच मूत्र दाट करण्याची शक्ती कमी होते. तेव्हा मांजर पुन्हापुन्हा पाणी पिते, भरपूर लघवी करते, त्याचे वजन उतरते आणि केस राठ व चिकट दिसू लागतात. भूक उत्तम असूनही मांजर वाळत असेल, तर अवटू ग्रंथीच्या अतिक्रियेचा किंवा मधुमेहाचा संशय घ्यावा. हा भेद डोळ्यांनी करता येत नाही. त्यासाठी रक्त व लघवीची तपासणीच करावी लागते. घरी करता येण्याजोगे सर्वांत उपयुक्त काम म्हणजे दर आठवड्याला वजन करणे. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम घटणे हे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटण्यासारखे आहे, पण केसांच्या आच्छादनामुळे ते नजरेस पडत नाही.

गाईला चालते ते मांजराला का चालत नाही

गोठ्यात वापरली जाणारी सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन ही कीटकनाशके पायरेथ्रॉईड गटातील आहेत. कुत्र्यांच्या मानेवर टाकावयाच्या काही औषधांतील पर्मेथ्रिनही याच गटातील. चेतातंतूंवरील सोडियमची दारे ही रसायने उघडी धरून ठेवतात. त्यामुळे चेतातंतू थांबता न येता पुन्हापुन्हा उद्दीपित होतात आणि कीटक मरतो. सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंतही अशीच दारे असतात. बहुतेक सस्तन प्राणी वाचतात, कारण त्यांचे यकृत हे विष त्वरेने मोडून बाहेर टाकते.

मांजर येथे अपवाद ठरते. अनेक विषारी द्रव्ये ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकण्याच्या प्रक्रियेतील एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे. वाघ-सिंहांचीही तीच स्थिती आहे. निव्वळ मांसाहारामुळे वनस्पतींतील विषांशी संबंध कमी आला आणि ही क्षमता गळून पडली, असे मानले जाते. गाईच्या कातडीवर निर्धोक ठरणारी मात्रा मांजरावर घातक ठरते ती या उणिवेमुळे. याच उणिवेमुळे पॅरासिटामॉलची पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते, आणि फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून नंतर पंजे चाटणेही त्याला बाधते. गोठ्यातील अमिट्राझही मांजरासाठी वर्ज्यच समजावे. कडुनिंबाचे तेल, कापूर, टी-ट्री तेल ही ‘नैसर्गिक’ म्हणून लावली जातात; परंतु नैसर्गिक या शब्दाने विषारीपणाविषयी काहीही कळत नाही. वृद्ध मांजराच्या बाबतीत धोका अधिक, कारण त्याचे वजन घटलेले असते आणि मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात.

असे औषध चुकून लागलेच तर भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाने व कोमट पाण्याने अंग धुवावे, लगेच कोरडे करून मांजराला उबेत ठेवावे आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. थंड पाणी वापरू नये. पायरेथ्रॉईडचा चेतातंतूंवरील परिणाम तापमान उतरले की वाढतो. कीटकशास्त्रज्ञांना हा गुणधर्म किडींच्या संदर्भात परिचित आहे, येथे तो मांजराच्या जिवावर उठतो. सोबत बाटली किंवा तिचे वेष्टन न्यावे.

पिसवा मांजरावर कमी, घरात जास्त

अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा हा एकूण संख्येचा लहानसा भाग होय; ढोबळमानाने शंभरात पाच. उरलेली अंडी, अळ्या व कोष मांजराच्या झोपण्याच्या जागी असतात. मादी पिसू दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती केसांवरून घरंगळून गोणपाटात, फरशीच्या फटीत, मातीच्या जमिनीत पडतात. अळ्या प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढतात. त्यांना उन्हाची व कोरडेपणाची धास्ती असते. बंदोबस्ताची खरी जागा म्हणजे मांजराचे अंथरूण. ते आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावे आणि फटींतील धूळ झाडून जाळावी. मांजरावर रोज बारीक दातांची फणी फिरवून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. अशक्त मांजराला पिसवांमुळे रक्तक्षय होऊ शकतो. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर थांबू नये. औषध लागल्यास मांजरासाठीच तयार केलेले फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचे थेंब वजन पाहून, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावेत.

माश्यांकडे मात्र फारच कमी लक्ष दिले जाते. जुलाब किंवा लघवीने शेपटीखालचे केस भिजले की माश्या तेथे अंडी घालतात आणि एखाद्या दिवसातच अळ्या बाहेर पडतात. याचे एक मूळ आपल्या दूधभाताच्या ताटलीत आहे. प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा बहुधा पचत नाही. प्रेमाने वाढलेल्या दुधामुळे जुलाब होतात, केस भिजतात आणि माश्यांचे फावते. त्याऐवजी उकडलेले मासे किंवा कोंबडी, किंचित कोमट, थोडी थोडी पण अनेकदा द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणेच ठेवावा. मसाल्याचे कालवण टाळावे, कारण कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. शेपटीखालचे केस कातरून टाकावेत.

धान्यकोठीत ब्रोमाडिओलोनचे आमिष ठेवलेले असल्यास आणखी एक धोका संभवतो. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन फिरत राहतो. ज्याची शिकार सुटली आहे अशा म्हाताऱ्या मांजराला सापडतो तो नेमका हाच उंदीर. घरात वृद्ध मांजर असेपर्यंत पिंजरे वापरणे श्रेयस्कर. हिरड्यांतून वा नाकातून रक्त, अचानक अशक्तपणा, धाप अशी लक्षणे दिसल्यास पशुवैद्यकाला आमिषाचे नाव सांगावे; जीवनसत्त्व के-१ हा त्यावर उतारा आहे. झिंक फॉस्फाइडवर तसा उतारा नाही.

अखेरचे दिवस

मूत्रपिंडाचा विकार बरा होत नाही, परंतु कातडीखाली सलाइन, मळमळीवरील औषध व योग्य आहार यांनी काही महिने, क्वचित वर्षेही सुसह्य जातात. हे कुटुंबाला आरंभीच स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखविणारा सल्लागार पुढे कुटुंबाच्याच रोषाला पात्र होतो.

मांजर मरणाच्या वेळी घर सोडून जाते, असे गावोगावी म्हटले जाते. दुखणाईत जनावर सुरक्षित अडोसा शोधते इतकाच त्याचा अर्थ. ते माळ्यावर किंवा कणगीमागे दिसेनासे झाले तर शोधून काढावे आणि उबदार, जमिनीलगत जागा द्यावी. दुधाचा हिशेब ज्या दिनदर्शिकेवर लिहिला जातो, तिच्यावरच मांजराचा चांगला दिवस व वाईट दिवस अशी खूण करीत जावे. चांगला दिवस म्हणजे ते स्वतःहून जेवले, उठले, माणसाजवळ आले. दोन दिवस अन्न न घेणे हेही मांजरासाठी गंभीर असते. वाईट दिवसांच्या खुणा दाटू लागल्या, मांजर स्वतःच्या लघवीत पडून राहू लागले किंवा तोंड उघडून श्वास घेऊ लागले, की वेदनारहित मरणाविषयी पशुवैद्यकाशी बोलण्याची वेळ आली असे समजावे.

येथे अनेक घरे अडतात. मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आजी-आजोबांच्या मनात घट्ट असते. तिची थट्टा करू नये. निष्पाप जनावराला इजा करू नये हा त्या समजुतीचा गाभा, आणि उपचार संपल्यावर आठ-आठ दिवस तडफडू देणे त्या गाभ्याशी जुळत नाही, असे शांतपणे मांडल्यास पुष्कळ वेळा पटते. निर्णय मात्र घराचाच असावा. मुलांना ‘झोपवले’ असे सांगणे टाळावे. मांजर मेले हे त्यांना समजते.

शव विहिरीपासून दूर, हातभर नव्हे तर कमरेइतक्या खोल खड्ड्यात पुरावे. भुलीच्या औषधाने मरण दिलेले असल्यास ते उघड्यावर टाकणे घातक असते, कारण ते खाणारी कुत्री व पक्षीही मरू शकतात.

यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी घरातील माणसांच्या घोट्यांना चावे जाणवू लागले तर नवल नाही. मांजर थंड पडताच त्याच्या अंगावरील पिसवा त्याला सोडतात, आणि कोषातील पिसवा माणसाच्या पावलांचे कंपन, ऊब व उच्छ्वास जाणवताच बाहेर येतात; तोवर त्या कित्येक महिने वाट पाहू शकतात. मांजराचे गोणपाट आठवण म्हणून कोपऱ्यात ठेवले जाते, ते जाळावे. नवे पिल्लू आणावयाचे असल्यास त्यापूर्वी महिनाभर ती जागा आठवड्यातून दोनदा झाडून, उकळत्या पाण्याने धुवून घ्यावी.