न्हाणीघरातील हवेची वाट

म्हैसूरच्या जुन्या घरांत न्हाणीघरासाठी पंखा विकत घेण्याची वेळ सहसा येत नसे. आपल्याकडील वाड्यांप्रमाणेच तेथील ‘तोट्टी मने’ या घरांच्या मध्यभागी आकाशाला उघडा चौक असे. ‘बच्चलु मने’ म्हणजे न्हाणीघर. तेथे चुलीवर तांब्याचा हंडा तापे आणि धूर व वाफ कौलांच्या फटींतून आपसूक निघून जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने या शहरालाही ग्रासले. दाट वस्तीतील कोंदट घरांकडे तेव्हा राज्यकर्त्यांचे लक्ष गेले. मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. म्हैसूर संस्थानात १९०३ मध्ये त्याच धर्तीचे नगरसुधारणा मंडळ आले. नव्या वसाहतींत रुंद रस्ते आखले गेले, घरांच्या मागे सफाईसाठी गल्ल्या राखल्या गेल्या. उजेड आणि खेळती हवा ही चैन नसून आरोग्याची गरज आहे, हा विचार त्यामागे होता.

आजच्या सदनिकांत ही सोय आकसली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवरील म्हैसूरच्या गार सकाळी गरम पाण्याचे स्नान बहुतेक घरांत नित्याचे असते. न्हाणीघराची खिडकी मात्र अनेकदा अरुंद डक्टमध्ये उघडते. वाफ आतच साचते, छताला बुरशी धरते, दरवाजा फुगतो, नळजोडण्या गंजतात. अशा वेळी एक्झॉस्ट फॅन उपयोगी पडतो. परंतु त्याची निवड दुकानात नव्हे, घरातच सुरू व्हावयास हवी.

प्रथम खोलीचे घनफळ काढावे. दीड मीटर रुंद, २.४ मीटर लांब व २.७ मीटर उंच न्हाणीघरात जेमतेम १० घनमीटर हवा मावते. ती तासाला सहा ते दहा वेळा बदलावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ताशी १०० घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा पुरेसा होतो. सहा इंची पंख्याच्या वेष्टनावरील आकडा बहुधा याहून बराच मोठा असतो. मात्र तो मोकळ्या हवेतील असतो. नळी, जाळी व झडपा यांमुळे प्रत्यक्षात हवा कमी जाते. तरीही लहान न्हाणीघरास हा आकार साधारणतः पुरतो. त्याहून मोठा पंखा घेतल्यास आवाज तेवढा वाढतो.

दुसरी बाब हवेच्या वाटेची. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच आत यावी लागते. दाराखाली दोन सेंटिमीटरची फट किंवा दारातच जाळी ठेवावी. पंखा दारासमोरच्या भिंतीत, छताजवळ बसवावा. डक्ट वरून झाकलेला असल्यास आपली वाफ शेजाऱ्याच्या घरात शिरते, हेही पाहावे. पाऊस झोडपणाऱ्या भिंतीत आपोआप मिटणाऱ्या झडपा आवश्यक होत. दमट जागेत प्लास्टिकचे आवरण गंजत नाही. बटण न्हाणीघराबाहेर असावे आणि अर्थिंगची खात्री जाणकार वायरमनकडून करून घ्यावी.

खर्चाची धास्ती मात्र अनाठायी आहे. ३० वॅटचा पंखा रोज एक तास चालविल्यास वर्षाला सुमारे ११ युनिट वीज लागते. स्नानानंतरही पंधरा-वीस मिनिटे तो चालू ठेवावा. पाती व जाळी अधूनमधून पुसली नाहीत, तर उत्तम पंखाही निरुपयोगी ठरतो.

एक सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. बंद न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर पंखा हा त्यावरील उपाय नव्हे. ज्वलनास हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. माणूस बेशुद्ध होईपर्यंत धोका जाणवतही नाही. हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंखा धुराड्यातून बाहेर जाणारा वायूच उलट आत ओढू शकतो. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

घर घेताना दिवाणखान्याची लांबी-रुंदी सारेच पाहतात. न्हाणीघराची खिडकी उघडून ती कोठे उघडते, हे पाहण्यास एक मिनिट लागते. गृहकर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी ते एक मिनिट अवश्य द्यावे.