परक्या लेकराचें पांघरूण



लहान मूल रुग्णालयांत दाखल झालें, म्हणजे त्याच्या भोंवतालची प्रत्येक वस्तु परकी होते. खाट रुग्णालयाची, चादर रुग्णालयाची, अंगांतले कपडेही पुष्कळदां तेथलेच. वर्गांत आयुष्य घालविलेल्या माणसास एवढें ठाऊक असतें, कीं लहानग्याच्या बोलण्यांत 'माझें' या शब्दाला केवढें मोल आहे! तो शब्द त्याला परत मिळवून देणें हाच आजच्या विषयाचा गाभा होय.

अमेरिकेंत एका चिमुकलीला कर्करोगाच्या दीर्घ उपचारांत स्वतःच्या पांघरुणाचा फार आधार वाटला. १९९५ सालीं ही हकीकत वाचून कोलोरॅडोंतील एका बाईंनीं आजारी मुलांसाठीं हातानें पांघरुणें करविण्याचा संकल्प केला. त्यांतून 'प्रोजेक्ट लायनस' ही संस्था निघाली. चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेंतील लायनस नांवाचा मुलगा आपलें पांघरूण सदैव जवळ बाळगतो. त्यावरून हें नांव. स्वयंसेवक घरीं शिवतात किंवा विणतात, संस्थेच्या शाखा तें रुग्णालयांत पोंचवितात. मिळालेलें पांघरूण कायमचें त्या मुलाचें. घरीं जातांना तें बरोबर जातें.

ही ओढ म्हणजे केवळ लाडाचा हट्ट नव्हे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दाखविलें, कीं आईपासून दूर राहण्यास शिकतांना मूल एखाद्या मऊ वस्तूचा आश्रय घेतें.

आपल्याकडे आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी हीच मायेची खूण मानतात. परंतु रुग्णालयासाठीं शिवतांना ही माया थोडी आवरावी लागते. कर्करोगावरील औषधांनीं मुलाची रोगप्रतिकारशक्ति क्षीण होते. म्हणून कापड नवें, मऊ सुती आणि सुवासरहित साबणानें धुतलेलें असावें. धावदोरा घट्ट घालावा. गुंडी किंवा मणी लावूं नये. विसरलेली टांचणी तर राहतां कामा नये. विणकामांत मोठीं भोकें ठेवूं नयेत. त्यांत बोटें व नळ्या अडकतात. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२२ सालच्या सूचनांप्रमाणें एक वर्षाखालील बाळाच्या झोपण्याच्या जागीं सैल पांघरूण नसावें, कारण तें नाकातोंडावर येण्याचें भय असतें. तेव्हां वत्सलतेपेक्षां परिचारिकेची सूचना वरचढ समजावी.

आतां अधिक नाजूक गोष्ट. दुपटें बारशाला येतें. पण जें बाळ बारशापर्यंत पोंचतच नाहीं, त्याचें म्हणून घरांत कांहींच उरत नाहीं. पाश्चात्य देशांतील कित्येक रुग्णालयांत अशा मातापित्यांना दोन सारखीं दुपटीं देतात. एकांत गुंडाळून बाळाला निरोप देतात. दुसरें आईजवळ राहतें. तें शोक हलका करीत नाहीं. परंतु बाळ होऊन गेलें, याची साक्ष देतें. त्यासोबत उपदेशाची चिठ्ठी नसावी, आणि घेण्याचा आग्रहही नसावा.

आपल्या शहरांतील एखाद्या बालरुग्ण विभागासाठीं असें काम करण्याची ज्यांना इच्छा असेल, त्यांनीं आधीं तेथील मुख्य परिचारिकेस तीन प्रश्न विचारावे: पांघरुणें चालतात काय, कोणत्या मापाचीं हवींत, आणि तीं कोणत्या वयाच्या मुलांना द्यावयाचीं? उत्तरें मिळाल्यावरच कात्री हातीं घ्यावी.