विश्लेषण : ‘एआय एजंट’ फाइल कशी वाचतो? त्याला दिलेल्या चार ओळी का महत्त्वाच्या?

संगणकातील फाइली उघडून, वाचून कामे उरकणारे ‘एआय एजंट’ आता कार्यालयांत रुळू लागले आहेत. एजंटने काय वाचायचे, किती वाचायचे आणि कुठे थांबायचे, हे बऱ्याच अंशी त्याच्या ‘टूल’सोबत लिहिलेल्या वर्णनावरून ठरते. ते वर्णन अपुरे असेल तर काय बिघडते?

एजंट फाइल वाचतो म्हणजे नेमके काय?

एआय मॉडेल स्वतः कोणतीही फाइल उघडत नाही. ‘अमुक फाइल वाचून दाखवा’ अशी मागणी ते ठरावीक साच्यात लिहिते. संगणकावरील एक छोटा प्रोग्राम, म्हणजेच टूल, ती फाइल उघडतो आणि मजकूर मॉडेलच्या हाती देतो. असे टूल आपल्याकडे आहे हे मॉडेलला कळते ते तीन गोष्टींमुळे : टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला द्यायच्या माहितीचा तक्ता. ‘अँथ्रॉपिक’ने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या मानकातही हीच पद्धत आहे. थोडक्यात, या वर्णनाचा पहिला वाचक माणूस नसून मॉडेल असते.

वर्णनात काय असावे लागते?

फाइलचा पत्ता कसा द्यायचा, एका वेळी किती ओळी मिळतील, पुढच्या ओळी कशा मागायच्या, कोणत्या प्रकारच्या फाइली चालतील आणि फाइल सापडली नाही तर काय उत्तर येईल, हे स्पष्ट लिहावे लागते. ‘अँथ्रॉपिक’ने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःचा अनुभव नोंदवला. काम करताना एजंट मूळ फोल्डरबाहेर गेला, की अर्धवट पत्ते देताना मॉडेल चुकत असे. पूर्ण पत्ता देणे सक्तीचे केल्यावर या चुका थांबल्या. मॉडेल बदलावे लागले नाही, बदलला तो फक्त टूलचा नियम.

अर्धवट वाचनाचा धोका काय?

मॉडेल एका वेळी मर्यादित मजकूरच ध्यानात ठेवू शकते. त्यामुळे अशी टूल मोठी फाइल तुकड्यांत देतात. समजा, गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबाची फाइल ८,००० ओळींची आहे आणि टूलने पहिल्या २,००० ओळीच दिल्या. ‘अजून ६,००० ओळी बाकी आहेत’ असे टूलने सांगितले नाही, तर एजंट तेवढ्यावरच वर्षाची बेरीज मांडून मोकळा होईल. उत्तर ठाम असेल, पण चुकीचे. रिकाम्या फाइलचेही तसेच. ‘फाइल रिकामी आहे’ असे स्पष्ट कळले नाही, तर मॉडेल अंदाज बांधण्याची शक्यता वाढते.

मराठी फाइलींची वेगळी अडचण कोणती?

सध्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३. टूलची मर्यादा बाइटमध्ये असेल, तर मराठी मजकूर सुमारे एकतृतीयांशच मिळतो आणि तुकडा अक्षराच्या मधोमध तुटू शकतो. शिवाय ‘श्रीलिपी’, ‘कृतिदेव’ यांसारख्या जुन्या फॉन्टमधील फाइली युनिकोडमध्ये नसतात. पडद्यावर मराठी दिसले, तरी टूलच्या हाती निरर्थक चिन्हे येतात. आपल्याकडची कितीतरी जुनी कागदपत्रे अशाच फाइलींत आहेत.

वर्णनात ‘परवानगी नाही’ लिहिले की पुरे?

नाही. वर्णन ही सूचना आहे, कुलूप नव्हे. याच प्रोटोकॉलसाठीच्या ‘फाइलसिस्टिम सर्व्हर’मध्ये परवानगी दिलेल्या फोल्डरबाहेर जाता येणार नाही, असे अपेक्षित होते. मात्र २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांना त्यात दोन त्रुटी सापडल्या. पहिली म्हणजे, तपासणी पत्त्याच्या फक्त सुरुवातीची होत होती. ‘हिशेब’ या फोल्डरला परवानगी असेल, तर शेजारचे ‘हिशेब-खासगी’ही उघडे पडावे, असा तो प्रकार. दुसरी त्रुटी फोल्डरमध्येच ठेवलेल्या, पण बाहेरच्या फाइलकडे नेणाऱ्या दुव्याची होती. दोन्ही नंतर दुरुस्त झाल्या.

फाइलमधील मजकूरच एजंटला फसवू शकतो?

होय. ‘आधीच्या सूचना विसर आणि हे कर’ असे वाक्य फाइलमध्ये दडवले, तर मॉडेल त्यालाच आज्ञा समजू शकते. याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हणतात. जून २०२५ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट’मधील अशीच एक त्रुटी उघड झाली. केवळ एक ईमेल पाठवून, वापरकर्त्याने कुठेही क्लिक न करता, माहिती बाहेर काढणे त्यातून शक्य होते. कंपनीने ती दुरुस्त केली, पण या हल्ल्यावर रामबाण उपाय अजून नाही.

वापरकर्त्यांनी काय पाहावे?

एजंटला संपूर्ण संगणक खुला न करता कामापुरते वेगळे फोल्डर द्यावे. केवळ वाचायचे असेल, तर लिहिण्याची परवानगी देऊ नये. आधारच्या प्रती, बँकेची विवरणपत्रे, पासवर्ड त्या फोल्डरमध्ये ठेवू नयेत. आणि उत्तर आले की एक प्रश्न जरूर विचारावा : ‘फाइलच्या कितव्या ओळीपर्यंत वाचलेस?’ उत्तरातील आकडा फाइलच्या एकूण ओळींशी आपण स्वतः ताडून पाहावा.