टँकमध्ये शेवाळ वाढतेय? बाटली आणण्याआधी पाण्याचा जमा-खर्च मांडा

खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि जिवंत कोरल एकत्र ठेवलेले ॲक्वेरियम. तो ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतोच. पहिले काही महिने टँक लखलखीत असतो. मग एके दिवशी दगडावर हिरवे केस उगवल्यासारखे दिसतात. बघता बघता ते बोटभर वाढतात आणि शेजारच्या कोरलवर पसरतात. शेवाळाखाली झाकलेल्या कोरलला उजेड मिळत नाही, ते उघडत नाही, आणि हजारो रुपये मोजून आणलेला जीव हळूहळू मरतो.

याच टप्प्यावर बरेच जण दुकानात जाऊन शेवाळ मारणारी बाटली आणतात. खरे नुकसान तिथून सुरू होते. अशा काही औषधांत तांबे असते. माशांना ते थोड्या प्रमाणात चालून जाते, पण कोरल, कोळंबी आणि गोगलगायींना ते विषच. औषधात तांबे नसले तरी एकदम मेलेले शेवाळ टँकमध्येच कुजते. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि शेवाळाने खाल्लेले सगळे पुन्हा पाण्यात उतरते. पंधरा दिवसांत नवे शेवाळ हजर.

जमा बाजू कुठून भरते?

शेवाळाला उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट लागते. उजेड कोरललाही लागतो, त्यामुळे दिवा बंद ठेवून भागत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र बाहेरूनच येतात, आणि त्यांचे मार्ग तीन.

पहिला मार्ग खाद्याचा. माशांनी खाल्लेले विष्ठेतून आणि न खाल्लेले कुजून पाण्यातच येते. गोठवलेले खाद्य असेल तर ते वितळवून, गाळणीत धुऊन मगच घालावे. दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

दुसरा मार्ग नळाचा. टँकमधले पाणी रोज उडून जाते, पण त्यातले क्षार मागेच राहतात. दिवसाला दोन लिटर उडाले आणि तेवढे नळाचे किंवा बोअरचे पाणी घातले, तर महिन्याला ६० लिटर पाण्यातले सगळे टँकमध्ये साठते. घरातला पिण्याचा आरओ इथे पुरत नाही. चवीसाठी अनेक मशीनमध्ये थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळलेले असते. रीफ टँकसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा टप्पा हवा आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवे.

तिसरा मार्ग दगडाचा. जुन्या, वापरलेल्या दगडात फॉस्फेट मुरलेले असते आणि ते कित्येक महिने पाण्यात उतरत राहते.

गोवा, कारवार जवळ असल्याने कॅनमध्ये समुद्राचे पाणी भरून आणण्याचा मोह होतो. पण किनाऱ्यालगतचे पाणी, विशेषतः पावसाळ्यात, धोक्याचे. मांडवी, जुवारी, काळी या नद्यांचे गढूळ पाणी त्यात मिसळते, खारटपणा घटतो आणि शेतातली खते, सांडपाणी सोबत येते. आरओ-डीआय पाण्यात ॲक्वेरियमचे मीठ कालवून १.०२५ घनतेचे पाणी तयार करणे केव्हाही बरे.

पाणी बदलूनही आकडा का अडकतो?

समजा टँकमध्ये नायट्रेट ४० पीपीएम आहे. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलले आणि नवी भर काहीच पडली नाही, तर आकडा ३२, २६, २०, १६ असा उतरेल. पण खाद्यातून दर आठवड्याला ५ पीपीएमची भर पडत असेल तर कितीही महिने पाणी बदला, पाणी बदलल्यानंतरचा आकडा २० च्या खाली जाणार नाही. जेवढे काढले, तेवढे पुन्हा आले. हीच भर निम्म्यावर, म्हणजे अडीचवर आणली, की तेवढ्याच मेहनतीत आकडा १० च्या आसपास स्थिरावतो. म्हणून मिठाच्या पिशव्यांवर खर्च वाढवण्याआधी खाद्याचा चमचा लहान करावा.

चाचणीत शून्य, तरी टँक हिरवा

‘टेस्ट किटमध्ये नायट्रेट शून्य येते, मग शेवाळ कसे?’ हा नेहमीचा प्रश्न. चाचणी फक्त पाण्यात शिल्लक उरलेले मोजते. शेवाळाने आधीच खाऊन टाकलेले त्यात दिसत नाही. तिजोरी रिकामी दिसते म्हणून आवक नाही, असे नसते. शेवाळ हाताने उपटून काढल्यावर काही दिवसांनी पुन्हा चाचणी केली, की खरे चित्र कळते.

आकडा मुद्दाम शून्यावर नेणेही चुकीचे. कोरललाही थोडे पोषण लागते. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढे अनेक अनुभवी मंडळी चांगले मानतात. दोन्ही संपले तर डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारे जीव माजतात. ते शेवाळापेक्षा हट्टी असतात, आणि त्यातले काही खाऊन गोगलगायी मरतात.

आधी ओळख, मग उपाय

नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी पूड बसते. ते डायटम असतात. सिलिकेट संपले की बहुधा आपोआप जातात, घाबरायचे कारण नाही. लालसर, सायीसारखा थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. प्रवाह कमी असलेल्या, कचरा साचलेल्या कोपऱ्यात ते वाढतात, म्हणून तिथला कचरा ओढून काढावा आणि पंपाचे तोंड तिकडे वळवावे. हिरवे मणी दिसले तर ते शक्यतो न फोडता काढावेत. केसांसारखे लांब हिरवे शेवाळ दिसले, तर वर सांगितलेला हिशेब बघावा.

त्यासाठी कामाचा क्रम असा :

– दगड बाहेर काढता येत असेल तर टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत धरून शेवाळ उपटावे, टूथब्रशने घासावे. ते पाणी फेकून द्यावे.
– प्रोटीन स्किमर रोज साफ ठेवावा. तो बारीक बुडबुड्यांना चिकटलेली घाण कुजण्याआधीच बाहेर काढतो. फिल्टरचा कापूस दोन-तीन दिवसांनी बदलावा.
– दिव्याची वेळ आठ तासांच्या आसपास ठेवावी. खिडकीचे ऊन टँकवर पडू देऊ नये.
– टर्बो, ट्रोकस जातीच्या गोगलगायी सोडाव्यात. त्या कोवळे शेवाळ खातात. लांब वाढलेले मात्र आधी हातानेच काढावे लागते.
– जागा असेल तर खालच्या टाकीत कीटोमॉर्फा हे समुद्री शेवाळ मुद्दाम वाढवावे. ते पोषण ओढून घेते. दर काही आठवड्यांनी त्याचा गुच्छ कापून फेकला, की तेवढे नायट्रेट-फॉस्फेट कायमचे बाहेर जाते. त्याचा दिवा रात्री लावल्यास पाण्याचा पीएचही फार घसरत नाही.
– फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे वापरायचेच असतील तर थोड्यापासून सुरुवात करावी. आकडा झपाट्याने पाडला तर कोरललाच धक्का बसतो.

खऱ्या समुद्रातही हेच घडले

ही झुंज फक्त काचेच्या पेटीतली नाही. कॅरिबियन समुद्रातल्या जमैकाच्या किनाऱ्यावर आधी बेसुमार मासेमारीने शेवाळ खाणारे मासे संपले. १९८० मध्ये मोठे चक्रीवादळ झाले. मग १९८३-८४ मध्ये साथीच्या रोगाने काळे, लांब काट्यांचे सी अर्चिन मेले. शेवाळ चरणारे कोणी उरलेच नाही. १९७० च्या दशकात निम्म्याहून जास्त तळ झाकणारे कोरल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्या खाली आले आणि त्यांची जागा शेवाळाने घेतली.

म्हणूनच टँक सजवायला आपल्या किनाऱ्यावरून कोरल उचलून आणू नये. दगडी कोरलच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांना समुद्रातून काढणे आणि त्यांचा व्यापार करणे गुन्हा आहे. विकत घेतानाही माल कुठला, कागद कुठले, हे विचारून घ्यावे.

भर कमी केल्यावर लगेच फरक दिसत नाही. दगडात मुरलेले फॉस्फेट उतरून संपायला दोन-तीन महिने जातात, कधी जास्तही. तेवढा काळ दर आठवड्याला एका वहीत नायट्रेट, फॉस्फेट, घातलेले खाद्य आणि बदललेले पाणी लिहून ठेवावे. आकडे उतरू लागले की शेवाळही विरळ होते, आणि त्याखाली दबलेले कोरल जिवंत असेल तर पुन्हा उघडू लागते.