इंग्रजी येते, पण बोलवत नाही!

महाड औद्योगिक वसाहतीतला रासायनिक कारखाना असो, मुंबईतले जहाज कंपनीचे ऑफिस असो की आखातातल्या नोकरीची मुलाखत असो, आपल्या महाड-पोलादपूरच्या मुलांची गाडी एकाच ठिकाणी अडते. हातात डिप्लोमा असतो, कामाची माहिती असते. पण साहेबाने इंग्रजीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटले की मान खाली जाते. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलांना धडा वाचता येतो, व्याकरणाचे मार्कही पडतात. अडते ते बोलण्यात, कारण चुकलो तर लोक हसतील ही भीती!

या भीतीवर एक इलाज आंबेनळी घाटापलीकडे, सातारा जिल्ह्यातील फलटणला झाला. प्रा. सुगता मित्रा यांनी २००९ साली इंग्लंडमधील आजीबाईंना आवाहन केले, की आठवड्यातून एक तास भारतातल्या मुलांशी इंटरनेटवरून गप्पा मारा. त्यातून 'ग्रॅनी क्लाउड' उभे राहिले. २०१३ साली मित्रांना दहा लाख डॉलरचे टेड पारितोषिक मिळाले. त्यातून भारतात पाच आणि इंग्लंडमध्ये दोन केंद्रे निघाली. भारतातल्या पाचांपैकी एक फलटणचे.

या आजीबाई व्याकरण शिकवत नसत. गोष्ट वाचायची, कोडे घालायचे, आज डब्यात काय आणलेस ते विचारायचे. त्या विनामोबदला वेळ देत. मराठीचा गंध नसल्याने मुलांना इंग्रजीतच सांगावे लागे. आणि चूक झाली तरी कोणी हसत नसे. इंग्लंडमध्ये सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे साडेचार झालेले असतात, म्हणजे शाळा सुटण्याची वेळ.

मात्र नुसता संगणक बसवून भागत नाही. बंगालमधील कोराकाटीच्या केंद्राला वीज आणि इंटरनेट यांनीच दमवले. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आम्हाला वाटते, आपल्याजवळ यापेक्षा सोपा मार्ग आहे. आखातात पंधरा-वीस वर्षे काढून परतलेले किती तरी चाचा आज घरी आहेत. केरळी, मिसरी, फिलिपिनो सोबत्यांबरोबर त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीतच हिशेब केले, काम केले, संसार उभा केला. चुकत चुकत बोलूनही काम होते, हे त्यांच्याइतके कोण जाणतो? जहाजावरून निवृत्त झालेलेही आहेत. परदेशी असलेल्या नातेवाइकांना फोनवर बोलवता येईल.

स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढेच विचारावे, तासाभरात माझा मुलगा किती मिनिटे बोलणार? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवावेत.

शाळेने किंवा जमातीने एक खोली द्यावी, आठवड्यातून दोन संध्याकाळी आठ-दहा मुले आणि एक चाचा बसावेत. नियम दोनच: मराठी-उर्दूची लाज धरायची नाही आणि कोणाच्या चुकीला हसायचे नाही. येत्या सुट्टीत सुरुवात झाली, तर पुढच्या मुलाखतीला आपला मुलगा मान वर करून बसेल.